सूक्ष्मनाद आणि घडी घातलेला टॉवेल

सभागृहात साठ बुटकी लाकडी टेबले मांडली होती. प्रत्येक टेबलापाशी एक मूल, टेबलावर पालथा घातलेला एक मोबाइल आणि बरोबर दोन हात अंतरावर श्वास रोखून बसलेले आईबाप. मुले एक ते तीन वर्षांची. त्यामुळे कुणी टेबल चाटत होते, कुणी शेजारच्याची टोपी ओढत होते, तर एका चिरंजिवांनी स्वतःची चड्डी काढून मेंदूविकासाला मोकळी वाट करून दिली होती. साठही मोबाइलांतून तंबोरा घुमत होता.

मंचावर मेंदूमाउली उभे होते. वय पन्नास, सदरा मलमली, गालावर माइकची काडी. पाच वर्षांपूर्वी हेच गृहस्थ पोट थरथरवून वजन उतरवणारे पट्टे विकत असत. पोटांनी दाद दिली नाही, म्हणून ते मेंदूकडे वळले. त्यांचे ‘नादांकुर’ हे ॲप आता घरोघरी शिरले होते.

“आपण आपल्या लेकरांना काय ऐकवतो?” माउली कळवळून म्हणाले. “कुकरची शिट्टी! गाड्यांचे हॉर्न! शेजाऱ्यांची भांडणं! अहो, मेंदूची माती करतो आपण. सूक्ष्मनाद हे त्या मेंदूचं खत आहे. तीन वर्षांपर्यंत कानाची सातवी कळ उघडी असते. बाळ ऐकतं, आपल्याला ऐकू येत नाही. का? तर आपल्या कानांत संसाराचा मळ साचलाय!”

समोरच्या रांगेतल्या एका बापाने नकळत करंगळी कानात घातली.

“तंबोरा आहे तो तुमच्यासाठी. सूक्ष्मनाद बाळासाठी. टेबलाला कुणी हात लावायचा नाही. मोठ्यांचा स्पर्श झाला की नाद मलिन होतो. मी नाद सोडतोय... आता!”

आणि खरोखर, जादू झाल्यासारखी साठांतली पन्नासेक मुले एकदम थबकली. चाटणारे चाटायचे थांबले. टोपीवाल्याने टोपी सोडली. सगळी मुले टेबलावरच्या मोबाइलकडे पाहू लागली. आम्हा मोठ्यांना तंबोऱ्याखेरीज काही म्हणजे काही ऐकू आले नाही. सभागृहातून ‘अगाई’ असा एक सामुदायिक उद्गार निघाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यांत कडी केली ती माझ्या भाचीने. टिल्ली सव्वादोन वर्षांची. तिने दोन्ही तळवे टेबलावर पसरले, गाल लाकडाला टेकवला आणि डोळे मिटून अशी हसली की दगडालाही मोह पडावा. मेंदूमाउली मंच सोडून खाली आले.

“ही साधी मुलगी नव्हे,” त्यांनी जाहीर केले. “ही नादकन्या! माझ्या सबंध साधनेत इतका तीक्ष्ण कान मी पाहिलेला नाही.”

माझी धाकटी बहीण रडायला लागली. आनंदाने. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मनात म्हणत होतो, की हा माणूस भामटा आहे. पण तो नेमकी काय हातचलाखी करतोय ते मला सांगता येईना. मोबाइल दुरुस्त करणे हा माझा धंदा. रोज वीस मोबाइलांची पोटे फाडतो मी. आणि तरी येईना.

वर सांगायला लाज वाटते ते हे, की ते ॲप बहिणीच्या मोबाइलमध्ये मीच टाकून दिले होते. गिऱ्हाइके मागत, मी टाकून देई. “हे काय खूळ?” म्हणून नाक मुरडायचे आणि बोट मात्र ‘इन्स्टॉल’वर दाबायचे, अशी माझी अक्कल. त्या सभेतही मी पालथ्या मोबाइलांकडेच टक लावून होतो. टेबलाकडे पाहायचे मला सुचलेच नाही.

बहिणीला हे खूळ लागायला कारण होते. टिल्ली बोलत नव्हती. ‘आई’सुद्धा नाही. हाक मारली तर कधी वळे, कधी नाही. सासूबाई म्हणत, “तिचा बापही उशिराच बोलला. आता बघ, ऐकतो का कुणाचं?” लसीकरणाच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मात्र टिल्लीच्या पाठीमागे खुळखुळा वाजवून पाहिला, पुन्हा वाजवला आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पाच महिने बहिणीच्या पर्समध्ये पडून होती. तपासणीची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा चुकवली गेली, कारण दरम्यान नादांकुर आले होते.

“दादा, तूच विचार कर,” ती मला म्हणायची. “जो आवाज तुला ऐकू येत नाही, मला येत नाही, तो माझी पोर ऐकते. मग तिला साधा आवाज ऐकू येणार नाही, असं कसं होईल?”

खोट्याची हीच तर खुबी. पाया खोटा असला तरी वरच्या भिंती अगदी ओळंब्यात असतात.

तिसरी तारीख सोमवारची होती. सभेनंतर बहिणीने ती माउलींच्या कानावर घातली, तर ते दचकलेच. “छे छे! नादकन्येच्या कानाला यंत्र? सातवी कळ कायमची मिटेल. आणखी एक चाळीस दिवसांचं आवर्तन करा. आणि तीन आठवड्यांनी मोठा सोहळा आहे, हजारो पालक घरबसल्या बघणार. तुम्ही मायलेकी मंचावर हव्यात.” चाळीस दिवसांची तीन आवर्तने आधीच झाली होती. हे चौथे. बहिणीने मान डोलावली.

मी तिच्याशी भांडलो. “चिठ्ठी डॉक्टरने लिहिलीये, पट्टेवाल्याने नाही!” असे ओरडलोसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, “तुला मूल नाही ना दादा, म्हणून तुला कळत नाही.”

पुढे जे घडले ते माझ्या शहाणपणामुळे घडले असे सांगायला मला फार आवडले असते. पण ते घडले माझ्या कामचुकारपणामुळे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी टिल्लीने बहिणीचा मोबाइल कपडे भिजवलेल्या बादलीत टाकला. मी तो उघडला, वाळवला, चार्जिंगचा भाग बदलला. आत एक छोटी मोटर असते, शर्टाच्या बटणाएवढी. मोबाइल थरथरतो तो तिच्यामुळे. ती गंजून गेली होती. आमच्या धंद्यात अशी मोटर काढून टाकतात आणि तसेच झाकण लावतात. गिऱ्हाईक रिंग वाजते का ते बघते, थरथर कुणी विचारत नाही. मीही काढून टाकली आणि बहिणीला सांगायला विसरलो.

शनिवारी दुपारी ती टिल्लीला कडेवर घेऊन दुकानात आली. चेहरा असा, की वळचणीचे कबूतर उडून जावे.

“काय केलंस तू माझ्या मोबाइलला?”

“का? वाजत नाही?”

“सगळं वाजतं. तंबोरा वाजतो, रिंग वाजते. पण टिल्ली ऐकत नाही! चार दिवस झाले. मी बसवते, नाद सोडते आणि ती नुसती भिंतीकडे बघते. मी त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. ते म्हणाले, घरात कुणीतरी नादाची निंदा करतंय. माहेरचा माणूस आहे का, म्हणाले. पुरुष आहे का, म्हणाले.”

“आणि तू म्हणालीस, मामा.”

“मग काय खोटं बोलू?”

मला हसू येत होते आणि संतापही येत होता. नाचता येईना, अंगण वाकडे; ॲप चालेना, मामा वाकडा! पण तेवढ्यात डोक्यात काहीतरी खटकले. मी माझा स्वतःचा मोबाइल काढला, त्यात नादांकुर टाकले, आणि या वेळी जन्मात पहिल्यांदा ते ॲप कशाकशाची परवानगी मागते ते वाचले. एकच होती. ‘स्पंदन’. म्हणजे थरथर.

दुकानाच्या लाकडी काउंटरवर टिल्लीला बसवले, समोर माझा मोबाइल पालथा घातला. तंबोरा सुरू झाला. अर्ध्या मिनिटाने टिल्लीने तळवे पसरले, गाल टेकवला आणि हसली.

“बघ!” बहीण म्हणाली. “म्हणजे तुझ्या दुरुस्तीतच खोट आहे.”

“आता हात ठेव काउंटरवर.”

“मोठ्यांनी हात लावायचा नसतो.”

“अगं ठेव!”

तिने भीतभीत बोटे टेकवली. नाद पुन्हा सुटला. बहिणीने चटका बसावा तसा हात मागे घेतला. “हे... हे तर थरथरतंय.”

“हाच तुझा सूक्ष्मनाद. तंबोरा लावलाय तो मोटरची घरघर झाकायला. आणि हात लावू देत नाहीत तो ही थरथर कळू नये म्हणून.”

काच पुसायचे फडके मी चौघडी करून मोबाइलखाली घातले. तंबोरा घुमत राहिला. नाद सुटला असणार, पण टिल्ली माझ्या पेचकसाशी खेळत बसली. मग डब्यातून एक सुटी मोटर काढली, तिला बॅटरीच्या दोन तारा टेकवल्या आणि ती काउंटरवर दाबून धरली. ॲप नाही, तंबोरा नाही, माउली तर नाहीतच. टिल्लीने गाल टेकवला आणि खुदकन हसली.

मला वाटले, जिंकलो. विजयी मुद्रेने मी बहिणीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती टिल्लीकडे पाहत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. माझ्या डोक्यात जे अजून शिरले नव्हते, ते तिला कळून चुकले होते.

“दादा,” ती म्हणाली, “तिच्या मागे जाऊन काहीतरी वाजव. जोरात. काउंटरला हात न लावता.”

पाण्याचा स्टीलचा तांब्या मी हातात उचलून धरला आणि टिल्लीच्या पाठीमागून त्यावर पेचकस हाणला. समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर धावला. त्याच्या मागोमाग अर्धा साबण लावलेले गिऱ्हाईकही. टिल्ली पेचकसांच्या डब्यातून निळ्या मुठीचा एकेक वेगळा काढत होती. तिची मान हलली नाही.

“परत वाजव.”

मी वाजवला. पुन्हा वाजवला. न्हावी काहीतरी विचारत होता. बहीण स्टुलावर बसली.

“मी तिला रोज सांगायचे, ऐक गं सोन्या, नीट ऐक,” ती म्हणाली. “आणि शंभरावर दिवस टेबलापासून दोन हात लांब बसले, दादा. नियम होता ना.”

मला त्या क्षणी मेंदूमाउलीचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच्या खालोखाल माझा स्वतःचा.

सोमवारची तारीख आम्ही चुकवली नाही. टिल्लीला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून तपासणी झाली. कानाच्या तज्ज्ञ बाईंनी कागद समोर ठेवला. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होते. यंत्रे लागणार होती, मग बोलायला शिकवणारे वर्ग.

“चिठ्ठी कधीची आहे?” बाईंनी विचारले.

“पाच महिन्यांपूर्वीची,” बहीण म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. “उशीर झालाय,” एवढेच म्हणाल्या. “पण वेळ गेलेली नाही. आता एक दिवसही घालवू नका.” मग लसीकरणाचे कार्ड उलटे करून त्यांनी मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरात छापले होते: मूल हाक मारल्यावर वळते का? मागून आवाज केला तर दचकते का? ‘नाही’ असेल तर थांबू नका, तपासून घ्या. खाली दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या मोफत पानाचा पत्ताही होता. त्या पानावर सगळे लिहिलेले होते, कोणत्या वयात काय पाहावे, बाळाशी कसे बोलावे, काय खेळावे. मी ते नंतर उघडून पाहिले. तंबोरा नाही, सातवी कळ नाही, त्यामुळे बघणाऱ्यांची गर्दीही नाही. खरी माहिती बिचारी सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखी खाली मान घालून बसलेली असते. खोटी मात्र मलमली सदरा घालून मंचावर चढते.

सोहळ्याला बहीण गेली. “कशाला जातेस?” मी विचारले. ती म्हणाली, “तिथे साठ टेबलं असतात, दादा. माझी टिल्ली एकटीच असेल कशावरून?” पिशवीत तिने माझा मोबाइल आणि एक टॉवेल घेतला. टिल्लीला घेऊन मीही सोबत निघालो.

या वेळी तीन कॅमेरे होते. माउलींनी नादकन्येला मंचावर बोलावले, टेबलापाशी बसवले आणि माइक बहिणीपुढे धरला. “सांगा आई, तुमचा अनुभव.”

“सांगते की,” बहीण म्हणाली. तिने टॉवेलची घडी टेबलावर ठेवली आणि त्यावर मोबाइल. “सोडा नाद.”

माउली क्षणभर घुटमळले. “टॉवेल काढा आई. कापडानं नाद अडतो.”

“तंबोरा तर अडत नाही. तो ऐकू येतोय ना सगळ्यांना?” तिने सभागृहाला विचारले. “येतोय!” अशी आरोळी आली. “मग जो नाद सातवी कळ उघडतो, तो एका टॉवेलाला हरला?”

कुणीतरी फिस्सकन हसले. माउलींच्या कपाळावर घाम चमकू लागला. “हे अश्रद्धेचं लक्षण आहे. माहेरून कुणीतरी—”

“माझा भाऊ. तो बघा तिथे उभा आहे.” सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी उगाचच नमस्कार केला. “आता सगळ्यांनी आपापल्या टेबलाला हात लावा. काही मलिन होत नाही. मी लावून बघितलाय.”

“लावू नका!” माउली ओरडले, आणि तिथेच फसले. नको म्हटल्यावर कोण ऐकतो? साठ टेबलांवर शंभरेक तळवे पडले. माउलींच्या ॲपला बिचाऱ्याला मालकाची अडचण कशी कळणार? त्याने ठरल्या वेळी इमानेइतबारे नाद सोडला. आधी कुणीतरी “अरेच्चा” म्हणाले. मग एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “हा तर व्हायब्रेटर हो! माझ्या मोबाइललाही आहे, मुलाचा फोन आला की खिशात गुदगुल्या होतात.” मग मात्र हशाला धरबंद राहिला नाही. पोट थरथरवणाऱ्याने टेबल थरथरवले होते, एवढाच काय तो साधनेतला विकास.

हसणे थांबल्यावर बहीण बोलली. आवाज चढवला नाही तिने.

“माझ्या मुलीला ऐकू येत नाही. दोन आठवड्यांपूर्वी कळलं. पाच महिन्यांपूर्वी कळलं असतं, पण ती सूक्ष्मनाद ऐकते असं मला सांगितलं गेलं. तिला ऐकूच येत नाही, म्हणून ती थरथर इतकी मन लावून अनुभवत होती. तुमच्यापैकी कुणाचं मूल हाकेला वळत नसेल तर टाळ्या वाजवू नका. उठा आणि कान तपासून घ्या.”

कॅमेऱ्यांचे दिवे एकेक करून विझले. माउली मागच्या दाराने गेले. मला वाटले होते लोक त्यांना अडवतील. कुणी अडवले नाही, उलट दोघांनी वाकून नमस्कार केला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण चौथ्या रांगेतली एक बाई मुलाला घेऊन बहिणीपाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ती तपासणी... कुठे होते?” बहिणीने पर्समधून पेन काढून तिच्या हातावर पत्ता लिहिला.

टिल्लीला यंत्रे बसून आज दोन महिने झाले. पहिल्या दिवशी बहीण तिला दुकानात घेऊन आली. मी मागून तांब्यावर पेचकस वाजवला, हळूच. टिल्ली गर्रकन वळली, माझ्याकडे रागाने पाहिले आणि भोकाड पसरले. न्हावी त्या दिवशीही बाहेर आला. “का रडवता पोरीला?” म्हणाला. “रडू द्या, काका,” बहीण म्हणाली आणि स्वतःही रडू लागली. बोलायला वेळ लागणार आहे. मधले महिने कुणी परत आणून देणार नाही.

नादांकुर अजून चालू आहे. नवी आवृत्ती आली आहे, आता नाद तळव्यातून शिरतो म्हणे, म्हणून मोठ्यांनाही हात लावायची मुभा आहे. माझ्या दुकानात कुणी ते टाकून मागितले, तर मी आधी मोटर हातावर ठेवून दाखवतो. काही जण ऐकतात. काही जण शेजारच्या दुकानात जातात.

तुम्हाला एवढेच सांगतो. लेकराचा मेंदू वाढवायला खत लागत नाही. त्याच्याशी बोला, त्याला जवळ घेऊन गाणे म्हणा, भांडी बडवू द्या, आणि शंका आली तर ज्याला त्यातले कळते त्याला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवताना म्हणाले की ‘याला हात लावायचा नाही’, तर सगळ्यांत आधी हात लावून बघा.